‘सेट’चा दिग्विजय

मराठी भाषा दरिद्री आहे असें सांगणाऱ्या विद्वानांस एक मोठें प्रमाण सांपडलें आहे. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत ‘सेट’ ह्या एका क्रियापदाचे ४३० हून अधिक अर्थ दिले असून ती नोंद सुमारें ६०,००० शब्दांची आहे. (पुढील संशोधनांत ‘रन’नें ६४५ अर्थांनिशीं त्यास मागें टाकलें, ती वार्ता आमच्या विद्वानांपर्यंत पोंचलेली दिसत नाहीं.) ‘ह्या शब्दास मराठींत प्रतिशब्द कोठें आहे?’ असा त्यांचा सवाल असतो, आणि उत्तराची वाट न पाहतां ते घड्याळ ‘सेट’ करतात, केस ‘सेट’ करतात, आणि मुलगा पुण्यास ‘सेट’ झाला म्हणून पेढे वांटतात. सूर्य तेवढा अद्याप मावळतो, हे उपकारच म्हणावयाचे.

उत्तर त्या शब्दाच्या कुळांतच आहे. हें क्रियापद प्राचीन इंग्रजींतील ‘सेट्टन्’पासून आलें, व तें ‘सिट्टन्’ म्हणजे बसणें ह्याचें प्रयोजक रूप होय. संस्कृतांतील ‘सद्’ व ‘सादयति’ हीं त्यांचींच भावंडें. म्हणजे ‘सेट’चा मूळ अर्थ ‘बसविणें’! आतां हें ‘बसविणें’ आमच्या घरीं काय काय करतें तें पाहावें. भाद्रपदांत गणपती बसवितात, आश्विनांत घट बसवितात. हाडवैद्य निखळलेला सांधा बसवितो, सोनार कोंदणांत खडा बसवितो, सरकार कर बसवितें, मास्तर धाक बसवितात, हौशी मंडळी नाटक बसवितात, आणि व्यापारी नव्या पेठेंत जम बसवितो. ह्यांतील कित्येक ठिकाणीं इंग्रजास निराळें क्रियापद शोधावें लागतें. म्हणून त्याची भाषा कोणी दरिद्री म्हणत नाहीं.

शिवाय ते ४३० अर्थ एकट्या ‘सेट’ची कमाई नव्हेत. ‘ऑफ’ जोडलें कीं माणूस प्रवासास निघतो, ‘इन’ जोडलें कीं पावसाळा सुरू होतो, ‘अप’ जोडलें कीं दुकान उभें राहतें. पुष्कळशी श्रीमंती शेजाऱ्यांकडून उसनी आणलेली!

परक्या शब्दांशीं आमचें वैर नाहीं. टेबल आलें, पेन्सिल आली, तीं आपापली वस्तू घेऊन आलीं. त्यांनीं कोणाची जागा बळकावली नाहीं. ‘सेट’ मात्र रिकाम्या हातानें येतो आणि घरच्यांस उठवितो. दहीं लागतें, घड्याळ लावितात, सापळा मांडितात, प्रश्नपत्रिका काढितात. ह्या प्रत्येक क्रियापदांत नेमकें काय केलें तें दिसतें. मुलाचेंच पाहा. तो पुण्यास रुळला म्हणजे त्यास तेथील माणसांची संवय झाली. मार्गीं लागला म्हणजे पोटापाण्याची सोय झाली. स्थिरावला म्हणजे आतां तो तेथून हालणार नाहीं. ह्या तीन निरनिराळ्या बातम्या आहेत, आणि तिन्हींचा आनंदही सारखा नव्हे. तिसरीनें तर आईच्या डोळ्यांस पाणी यावें. ‘सेट झाला’ म्हणणाऱ्या बापास ह्यांपैकीं कोणती सांगावयाची आहे, हें पेढा खाणाऱ्यास मुळींच कळत नाहीं.