दुबळा घट आणि बेरजेचा भ्रम

रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती-विमान हवेत असता त्याची मोटर एकाएकी मंदावली, तर ते खाली उतरताच उडविणारा प्रथम बॅटरीचा दाब मोजतो. तीन लिथियम-आयन घटांच्या संचावर मापक 11.4 व्होल्ट दाखवितो. तेवढ्यावरून बॅटरी निर्दोष ठरते आणि दोष मोटरीच्या माथी मारला जातो. निदानाची ही रीत फार रूढ असली तरी ती त्याज्य होय.

प्रत्येक घट 3.8 व्होल्टांवर असला तरी बेरीज 11.4 होते, दोन घट 3.95 वर आणि तिसरा 3.5 वर असला तरीही ती तेवढीच होते! दुसऱ्या संचातील तिसरा घट जवळजवळ रिता झालेला असतो. मोटरीचा वेगनियंत्रक पुष्कळदा केवळ बेरीजच पाहतो. उड्डाणात घट 3.6, 3.6 आणि 2.7 व्होल्टांवर आले, तर 9.9 ही बेरीज, म्हणजे सरासरी 3.3, त्यास समाधानकारक वाटते. इकडे दुबळा घट 3 व्होल्टांच्या मर्यादेखाली ओढला जात असतो. वस्तुतः प्रत्येक घट निराळा मोजता यावा म्हणूनच अशा संचास बारीक तारांची स्वतंत्र जोडणी दिलेली असते. तिचा उपयोग केवळ चार्जरपुरताच करावयाचा, हे नवल होय.

शिवाय हे मापन विश्रांत स्थितीतील असते. घटाचा अंतर्गत रोध 5 मिलिओहम असेल, तर 20 अँपिअर प्रवाहास त्याचा दाब 0.1 व्होल्टने उतरतो. जुन्या घटाचा रोध 30 मिलिओहम झाला असल्यास 0.6 व्होल्टने. प्रवाह थांबताच ही घट भरून निघते व दोष झाकला जातो. यास्तव दाब भाराखालीच मोजला पाहिजे. अर्थात, कच्च्या डाखामुळेही तीच लक्षणे दिसतात. जोडणीत 10 मिलिओहम रोध आला तर त्याच प्रवाहास तेथे 4 वॅट उष्णता निर्माण होते. म्हणून विमान उतरल्यावर जोडणी ऊन लागते काय, हे आधी पाहावे. डाखाच्या अपराधासाठी कित्येक चांगले संच टाकून दिले गेले असतील.

याउलट, जे टाकून द्यावयास हवेत ते जपले जातात. अतिशय रित्या झालेल्या घटास चार्जर नाकारतो, तेव्हा काही जण निकेल घटांची योजना निवडून त्यास फसवितात आणि दाब बळेच वर आणतात. शाळांना नवे संच परवडत नाहीत, हा त्यावरील युक्तिवाद खरा आहे, परंतु अपुरा आहे. अतिविसर्जनात घटातील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि पुढील भारणात ते तांबे भलत्याच ठिकाणी साचून आतल्या आत मंडल जुळू शकते. विद्युत्‌अपघट्य ज्वलनशील असते. फुगलेल्या घटाविषयी तर वाद नकोच. त्यास टोचणे वा दाबणे हा आगीशी खेळ होय. ज्या विमानात हाच संच ग्राहकयंत्रासही वीज पुरवितो, तेथे दाब कोसळल्यास आज्ञाच पोहोचत नाहीत आणि ते मैदानावरील मुलांच्या अंगावर येऊ शकते. वाचविलेले रुपये त्या वेळी कोणत्या खात्यात मांडावयाचे?

शाळेत महाग उपकरणापेक्षा एक वही अधिक उपयोगी पडेल. प्रत्येक संचास क्रमांक द्यावा. दर महिन्यास प्रत्येक घटाचा दाब व रोध तीत लिहावा. साठविताना घट 4.2 व्होल्टांपर्यंत भरून उन्हाळ्यात ठेवू नयेत, सुमारे 3.8 वर ठेवावेत. नोंदी शक्यतो सारख्याच तपमानात घ्याव्यात. थंडीत रोध वाढतो, आणि जानेवारीच्या सकाळी घेतलेली नोंद मे महिन्यातील नोंदीशेजारी ठेवली तर निरोगी घटही आजारी भासेल.