अभियंता साहित्यात आला तर सत्कार, उलट गेला तर सुतक?

मराठीत एम. ए. झालेला एखादा माणूस पस्तिशी-चाळिशीत संगणकशास्त्र किंवा अभियांत्रिकी शिकायला निघाला, की आपल्या विभागांमधून सुतकी सूर निघू लागतो. 'पोटापुढे हरला', 'बाजाराला विकला गेला' असे काहीबाही बोलले जाते. बोलणारे बहुधा कायम नोकरीतले असतात. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणाऱ्याच्या हिशेबाची वही त्यांनी कधी उघडून पाहिलेली नसते. ह्या सुराला आमचा स्पष्ट विरोध आहे.

पहिला मुद्दा दुटप्पीपणाचा. नंदा खरे स्थापत्य अभियंता होते. त्यांच्या 'उद्या' ह्या कादंबरीला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. अभियंत्याने कादंबरी लिहिली तर आपण तिला अनुभवविश्वाची समृद्धी म्हणतो, आणि ते योग्यच आहे. मग हा पूल एकाच दिशेच्या वाहतुकीसाठी बांधला आहे काय?

दुसरा आक्षेप : 'ही माणसे तिथे काय दिवे लावणार?' 'दर्या' आणि 'दऱ्या' ह्यांतला फरक संगणकाला आपोआप कळत नाही. 'ॲ' ह्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. शब्दकोशात 'घर' असते, पण मजकुरात 'घरासमोरच्यांनीसुद्धा' येते. ते शुद्ध की अशुद्ध हे यंत्राने ठरवायचे तर सामान्यरूपाचे नियम कोणीतरी त्याला शिकवावे लागतात. हे प्रश्न जितके संगणकाचे तितकेच व्याकरणाचे आहेत. दोन्ही जाणणारी माणसे मराठीत किती आहेत?

ह्याचा अर्थ आम्ही 'सहा महिन्यांत आयुष्य बदला' म्हणणाऱ्या क्लासवाल्यांच्या पंगतीला बसलो, असा नव्हे. वस्तुस्थिती कठोर आहे. बारावीला कला शाखा असेल तर अभियांत्रिकी पदवीला थेट प्रवेश मिळत नाही. घरबसल्या दूरशिक्षणाने ही पदवी घेता येत नाही. काही अभिमत विद्यापीठांनी तशा वाटलेल्या पदव्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली चाप लावला. दहावीच्या आधारावर तंत्रनिकेतनाची ३ वर्षांची पदविका, मग पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश आणि आणखी ३ वर्षे, म्हणजे एकूण ६ वर्षे, हा एक रस्ता आहे. आयआयटी मद्रासने २०२० साली सुरू केलेला डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवीक्रम कोणत्याही शाखेच्या बारावी उत्तीर्णाला खुला आहे, दहावीला गणित आणि इंग्रजी असले म्हणजे झाले. पण तो अभियांत्रिकीचा नव्हे, आणि त्याच्या पात्रता फेरीत गणित व संख्याशास्त्राबरोबर इंग्रजीही आहेच. तेव्हा शाखा निवडताना पगाराचे आकडे पाहावेतच, पण त्या शाखेतला एखादा प्रश्न आपल्याला खरोखर छळतो काय, हेही विचारावे. निव्वळ लाटेवर स्वार झालेला माणूस ६ वर्षे तग धरत नाही.

आणि आपण मराठीचे शिक्षक? भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले, त्याने शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले. आपल्या किती वर्गांत ते उघडले गेले? २०२१ साली भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी मिळाली, पुण्यात मराठीतून संगणक अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले. त्या पाठ्यसामग्रीची भाषा वाचनीय व्हावी म्हणून किती विभागांनी हात पुढे केला? इंग्रजीच्या आक्रमणावर परिसंवाद घेणे सोपे असते.

चाळिशीतल्या विद्यार्थ्याची खरी अडचण बुद्धीची नसते. वीस वर्षांपूर्वी सुटलेल्या दहावीच्या गणिताची असते. ते गणित मराठीतून पुन्हा पक्के करून देणारा शनिवारचा वर्ग, गणित विभागाच्या मदतीने, कोणत्याही महाविद्यालयाला चालवता येईल. त्याला ना अनुदान लागते, ना ठराव. ज्यांना जाणाऱ्यांविषयी एवढा कळवळा आहे, त्यांनी तेवढे तरी सुरू करावे.