पानांची वही

मायबहिणींनो, पोळा झाला. निंदण-डवरणीची घाई आता जरा कमी झाली असेल, तर लेकरांच्या हाती यंदा एक काम द्या. पैसा लागत नाही. कोरी वही, घरातली रद्दी आणि सुई-दोरा, एवढे पुरे. धुऱ्यावर, नाल्याकाठी, शाळेच्या वाटेवर सापडलेली पाने, फुले, बिया त्या वहीत लावायची.

आमच्या हिवरा आश्रमात कृषी महाविद्यालय आहे. शेतकी शिकणाऱ्या मुलांना तणांचा असा संग्रह अभ्यास म्हणूनच करावा लागतो. धुऱ्यावर निंदणाऱ्या बाईला त्यांनी विचारले, "मावशी, याला काय म्हणता हो?" तर मावशी आधी हसते. पण नाव बरोबर सांगते.

लहानपणी मीही अशी वही केली होती. पिठाच्या खळीने पाने चिकटवली, नक्षीदार दिसली, झाले समाधान. लिहिले मात्र काहीच नाही. पुढे खळीला कसर लागली, सगळी पाने एकजात तपकिरी पडली. सागाचे तेवढे ओळखू आले!

म्हणून खळ नको. पान कोरडे असताना, दुपारी, तोडावे. रद्दीच्या घड्यांत सरळ पसरावे, वर पाट ठेवून त्यावर वजन द्यावे. पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदलावा. पावसाळी हवेत हे चुकले की बुरशी आलीच. आठ-दहा दिवसांनी पान कडक वाळले, की देठावरून दोन टाके घालून वहीत शिवावे. वहीत निंबाचा वाळला पाला ठेवावा, धान्याच्या कोठीत ठेवतो तसाच.

आणि खाली लिहावे: कुठे सापडले, कोणत्या तारखेला, नाव काय, नाव कोणी सांगितले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात १९०६ पासूनचा वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे, ब्लॅटर यांच्या नावाचा. तिथेही प्रत्येक नमुन्याला अशीच चिठ्ठी असते. चिठ्ठी नसेल तर तो नुसता पाला.

नाव आजीलाच विचारायला लावा. आपण पावसाच्या तोंडी तरोट्याची कोवळी भाजी खातो, कोकणात त्यालाच टाकळा म्हणतात. खरचटल्यावर जिचा पाला चोळून लावतात ती आपली कंबरमोडी, दुसरीकडे ती एकदांडी किंवा दगडी पाला. केना, कुर्डू, आघाडा, पाथरी, दुधी... आजी थांबणार नाही. हल्ली सोयाबीनमध्ये आपण तणनाशक मारतो. निंदायला बाया मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, दोष कुणाला द्यायचा? पण तण जाते तसे त्याचे नावही जाते. कधी निंदायला न गेलेली पोर सगळ्यालाच 'गवत' म्हणते. मारुती चितमपल्लींनी रानात राहणाऱ्या माणसांकडून पाखरांची, झाडांची नावे ऐकून लिहून ठेवली, म्हणून ती आज पुस्तकात सापडतात. आपल्या धुऱ्याची नावे कोण लिहिणार? चौथीतली पोरगी लिहू शकते. तिचे शुद्धलेखन तपासत बसू नका. आजी म्हणते तसेच उतरू द्या.

थोडी काळजी घ्या. फवारलेल्या शेतातले काही आणू नये. गाजरगवताला हात लावू नये, अंगाला खाज सुटते. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये. घरटी, अंडी जिथल्या तिथे राहू द्यावीत. पाखरू दिसले तर त्याचे चित्र काढावे. लोणारला सहल गेली तर तिथून पानही उचलू नका, ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतही आहे. तिथे फक्त लिहायचे.

एक सांगायचे राहिले. पळसाचे पान लावाल, तेव्हा त्याच्या समोरचे पृष्ठ कोरे ठेवा. फाल्गुनात झाडावर पान नसेल, नुसती फुले असतील. तेव्हा त्यातले एक खाली पडलेले उचलून तिथे लावायचे आहे.