तुरुंगाचा दाखला कुठवर चालतो?

‘आम्ही लाठ्या खाल्ल्यात, तुम्ही आम्हाला काय शिकवता?’ हे वाक्य सीमालढ्यात कोणाच्या कानांवरून गेले नाही? १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध ज्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, त्यांच्यापुढे आम्ही वाकून नमस्कार करतो. पण तेवढ्याने आजच्या डावपेचांचा निवाडा करण्याचा ताम्रपट हाती येतो काय? आमचे साफ उत्तर आहे : नाही!

हे आमच्या पदरचे शहाणपण नव्हे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानेच ते शिकवले आहे. १९५५ साली मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. १९३० साली सरकारी नोकरी झुगारून सत्याग्रहात उतरलेले, इंग्रजांचे तुरुंग पाहिलेले गृहस्थ! सत्याग्रही म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. तरी २१ नोव्हेंबर १९५५ ला त्यांच्याच राज्यात मुंबईच्या रस्त्यावर गोळ्या सुटल्या नि माणसे मारली गेली. कुठे गेला तो अनुभव? खुर्चीखाली?

आता दुसरी बाजू पाहा. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. तीत बेचाळीसला भूमिगत राहून लढलेले एस. एम. जोशी होते, आणि ज्यांच्या पक्षाने त्याच बेचाळीसच्या चळवळीला विरोध केला ते कॉम्रेड डांगेही होते! ‘बेचाळीसला तुम्ही कुठे होता?’ एवढाच सवाल धरून बसले असते, तर पहिली बैठक हीच शेवटची ठरती. त्यांनी जुने हिशेब बाजूला ठेवले आणि ‘आज काय करायचे’ ते ठरवले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस आडवी झाली ती या एकजुटीने.

मग अनुभव काय उकिरड्यावर टाकायचा? छे, छे! सेनापती बापटांचे नाव घ्या. १९२१ साली मुळशीच्या सत्याग्रहात उतरलेला हा वीर १८ नोव्हेंबर १९५५ ला, वयाच्या पंचाहत्तरीत, विधानसभेवरच्या मोर्चाच्या अग्रभागी होता. मुळशीचा दाखला नाचवीत ते घरी बसले नाहीत. नव्या लढ्यात स्वतः पाऊल टाकले. अनुभवाला किंमत येते ती अशी!

आज बेळगावचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. २०१८ आणि २०२३ च्या निवडणुकांत महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. दाव्याचे कागद गावोगाव कसे समजावायचे, कानडी शाळेत शिकलेली मराठी पोरे चळवळीत कशी आणायची, याची उत्तरे जुन्या आठवणींच्या गाठोड्यात सापडायची नाहीत. ती शोधावी लागतील, आणि शोधणारे हात तरुण असतील. मात्र गटबाजीने घर कसे फुटते आणि एकच उमेदवार दिला की काय चमत्कार होतो, हे जुन्या माणसाइतके पक्के कोणाला ठाऊक? ते त्याने ठणकावून सांगावे. साक्षीदार म्हणून सांगावे. न्यायाधीश म्हणून नव्हे!

बंधूभगिनींनो, सभेत पहिली खुर्ची वडीलधाऱ्यांना द्या, पहिले भाषणही द्या. पण ‘आमच्या वेळी’पासून सुरू झालेले भाषण ‘आज काय’पर्यंत आलेच पाहिजे, असा हट्ट धरा. आणि ठराव मांडताना एवढेच विचारा : याची झळ उद्या कोणाला बसणार? ज्याला बसणार, त्याचे मत घेतल्यावाचून एकही ठराव होता कामा नये!