इमारत उभी राहते. चतुष्पाद कोठे आहेत?

चिकित्सेचे चार पाद सांगताना चरकाचार्यांनी भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी अशी गणना केली आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायातील हा विषय आपण सर्वांनी पहिल्या वर्षीच पाठ केलेला आहे. या चारांत इमारतीची गणना नाही. पंधराव्या, म्हणजे उपकल्पनीय अध्यायात रुग्णालयाच्या वास्तूचे वर्णन अवश्य येते. परंतु तेथेही सेवक, औषधी, उपकरणे आणि उपद्रव उद्भवल्यास लागणारी सामग्री अगोदर सिद्ध करावी व मगच संशोधनास हात घालावा, असा दंडक घालून दिलेला आहे. आज ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेकडे पाहिले म्हणजे हा क्रम उलटला आहे की काय, अशी शंका येते. भूमिपूजने होतात, वास्तू उभ्या राहतात, फीत कापली जाते. चतुष्पादांची जुळवाजुळव मात्र मागाहून, तीही ठेक्याने होते.

हा विषय केवळ शासन व महापालिकांचा आहे, वैद्यसमुदायाचा नव्हे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. तसे मुळीच नाही. या शहरांतील वस्त्यांमध्ये आजाऱ्याची पहिली पायरी ही बहुधा आपल्याच दवाखान्याची अथवा औषधालयाची असते. रात्री अकरा वाजता एखाद्या रुग्णाचे अर्धांग लुळे पडते, वाचा जाते आणि नातेवाईक आपल्या दाराशी येतात. अशा वेळी आपण काय करतो? तो पक्षाघात ओळखतो आणि त्वरित मोठ्या रुग्णालयात न्या, असे सांगतो. पुढचा प्रश्न असतो, ‘डॉक्टर, कुठे नेऊ?’ प्रस्तुत लेखकाने पस्तीस वर्षांच्या व्यवसायात या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर फार थोड्या वेळा दिलेले आहे. अशाच एका वृद्ध स्त्रीला सार्वजनिक रुग्णालयात अतिदक्षता विभागातील खाट मिळाली नाही. खासगी रुग्णालयाने डिपॉझिट मागितले; मुलाने ते कर्ज काढून भरले. नवव्या दिवशी पैसे संपले आणि तिला पुन्हा सार्वजनिक रुग्णालयात हलविण्यात आले. ती तेथे दोन दिवस जगली. कागदोपत्री तिचा मृत्यू सार्वजनिक रुग्णालयात झाला. तिच्या उपचारावरील खर्चाचा मोठा वाटा मात्र अन्यत्र गेला होता.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा या स्त्रीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. ठाणे महापालिकेचे हे ५०० खाटांचे रुग्णालय ठाण्यापुरते मर्यादित नाही. कल्याण, डोंबिवली, भिवंडी, मुरबाड, शहापूर येथील गोरगरिबांचाही ते आधार आहे. काही रुग्ण अत्यंत गंभीर अवस्थेत व उशिरा दाखल झाले होते, असे प्रशासनाने त्या वेळी सांगितले. ते खरे मानले, तरी प्रश्न संपत नाही, उलट तो तेथूनच सुरू होतो. रुग्ण उशिरा का आले? त्याआधी ते कोठे होते? आणि मधल्या काळात त्यांचा पैसा कोणाकडे गेला? ठाण्याचे विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय पाडून तेथे ९०० खाटांचे नवे रुग्णालय बांधावयाचे ठरले व जुन्या रुग्णालयाचे काम मनोरुग्णालयाच्या आवारात हलविण्यात आले. नवे रुग्णालय हवेच आहे; परंतु ते होईपर्यंत त्या रुग्णांचा भार कोण वाहणार, याचा विचार उपकल्पनीय अध्याय वाचलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याने आधी केला असता. कळव्याच्या घटनेनंतर दीड महिन्यातच नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले; त्यांत १२ नवजात अर्भके होती. हा दोष एका शहराचा किंवा एका अधिष्ठात्याचा नाही, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

योगायोग असा की, कळव्याच्या दुर्घटनेनंतर दोनच दिवसांनी, १५ ऑगस्ट २०२३ पासून, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्व उपचार निःशुल्क झाले. निर्णय स्वागतार्ह होता. परंतु महापालिकांची रुग्णालये त्या विभागाच्या अखत्यारीत येत नाहीत. आणि केसपेपरचे पैसे माफ झाल्याने डॉक्टर, परिचारिका वा औषध आपोआप उपलब्ध होत नाही. निःशुल्क असणे आणि उपलब्ध असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हा भेद समजून घेण्यासाठी वेल्सचे उदाहरण उपयोगी पडेल. ब्रिटनच्या पश्चिमेकडील या छोट्या प्रांतातील ट्रेडेगर गावी कोळसा खाणीतील कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून वैद्यकीय साहाय्य संस्था चालवीत असत. त्याच गावचा खाणकामगार अन्यूरिन बेव्हन पुढे ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. वेल्सने १ एप्रिल २००७ पासून चिठ्ठीवरील औषधांचे शुल्कही रद्द केले. इंग्लंडमध्ये ते आजही अनेकांना भरावे लागते. रुग्णालये बांधण्यासाठी खासगी भांडवल घेण्याचा मार्गही वेल्सने इंग्लंडच्या मानाने फारच कमी अवलंबिला. इतके करूनही शस्त्रक्रियांसाठीच्या प्रतीक्षायाद्या तेथे लांबत गेल्या आणि त्या कमी करण्यासाठी खासगी रुग्णालयांकडून उपचार विकत घेण्याची पाळी आली. मनुष्यबळ आणि खाटा यांत वेळीच गुंतवणूक न केल्यास चांगले धोरणही खासगी दारापाशी जाऊन उभे राहते, हा त्यातील धडा आहे.

आपल्याकडील आकडे पाहू. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ नुसार २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के व्हावयाचा होता आणि राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावयाची होती. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ या वर्षी, म्हणजे कोविडच्या काळातही, सरकारी खर्च १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भाग लोकांनी थेट खिशातून भरला. २०१४-१५ मध्ये तो ६२.६ टक्के होता, हे मान्य केले पाहिजे. सुधारणा आहे, परंतु दर शंभर रुपयांतले जवळजवळ चाळीस रुपये आजारी माणूसच देतो, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे.

आता ठाण्याचे पाहा. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी ठाण्यात एकाच कार्यक्रमात सुमारे १२,२०० कोटी रुपयांच्या २९ किलोमीटर वर्तुळाकार मेट्रोची आणि सुमारे ७०० कोटी रुपयांच्या महापालिका प्रशासकीय इमारतीची पायाभरणी झाली. मेट्रो नको, असे कोणी म्हणणार नाही; घोडबंदर रस्त्यावर रोज दोन तास घालविणाऱ्याला तिची किंमत ठाऊक आहे. मेट्रोचा निधी व रुग्णालयाचा निधी यांची लेखाशीर्षे वेगळी असतात, हेही खरे. परंतु कोणत्या शीर्षात किती घालावयाचे, हे शेवटी माणसेच ठरवितात. प्रशासकीय इमारतीसाठी ७०० कोटी उभे राहू शकतात, तर कळव्यातील आणि कल्याणच्या रुक्मिणीबाई व डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयांतील कायम पदांचा प्रश्न निधीअभावी अडला, असे म्हणता येणार नाही. तो अडला प्राधान्यक्रमामुळे. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख होती. त्यानंतर दोन्ही शहरे किती वाढली, हे सांगावयास नको. शिवाय ऑगस्ट २०२३ मध्ये या दोन्ही महापालिकांत लोकनियुक्त सभागृह नव्हते, कारभार प्रशासकांच्या हाती होता. अठरा मृत्यूंचा जाब सभागृहात उभा राहून विचारावयास त्या वेळी नगरसेवकच नव्हता, ही गोष्ट विसरता कामा नये.

सार्वजनिक व्यवस्था दुबळी राहिली की खासगी प्रभावाला निराळा प्रयत्न करावा लागत नाही. तो आपसूक आत येतो. प्रथम प्रयोगशाळा बाहेर जाते, मग क्ष-किरण व डायलिसिस, मग दवाखाने. ठाण्यात ‘आपला दवाखाना’ ही कल्पना दिल्लीच्या मोहल्ला क्लिनिकच्या धर्तीवर आली आणि तपासलेल्या रुग्णामागे ठरावीक रक्कम या तत्त्वावर ती खासगी संस्थेकडे सोपविण्यात आली. माणशी पैसे मिळू लागले की माणसे मोजणे हेच काम होऊन बसण्याचा धोका असतो. निदान, पथ्य, पाठपुरावा यांना त्या हिशेबात रकाना नसतो. निती आयोगाने तर जानेवारी २०२० मध्ये जिल्हा रुग्णालये खासगी वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडण्याचा आराखडाच मांडला होता.

अशा भागीदारीचे काय होऊ शकते, याचे उदाहरण दूर नाही. अंधेरीत मरोळ येथे मुंबई महापालिकेच्या भूखंडावर १,५०० खाटांचे सेव्हन हिल्स रुग्णालय खासगी भागीदारीतून उभारावयाचे ठरले. २० टक्के खाटा महापालिकेच्या रुग्णांसाठी राखीव राहणार होत्या. कंपनी कर्जात बुडाली, २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा ती वास्तू महापालिकेनेच चालविली आणि हजारो रुग्णांवर तेथे उपचार झाले. ज्या कामासाठी भागीदार आवश्यक म्हटला गेला होता, ते काम संकटकाळी सार्वजनिक यंत्रणेनेच केले.

विमा योजनांविषयीही स्पष्ट बोलावे. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने सुरू झालेली व पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव लाभलेली जनआरोग्य योजना अनेक कुटुंबांना तारणारी ठरली. तिचे संरक्षण आता पाच लाखांपर्यंत गेले आहे. परंतु ती प्रामुख्याने शस्त्रक्रिया व मोठ्या उपचारांची योजना आहे. मधुमेही रुग्ण दरमहा जी औषधे विकत घेतो, तो खर्च तिच्या बाहेरच राहतो. आरंभीच्या उपचाराअभावी व्याधी वाढू द्यावयाची आणि उपद्रव झाल्यावर त्याच्या शस्त्रक्रियेचे बिल सरकारने भरावयाचे, हा व्यवहार आपल्या शास्त्राच्या दृष्टीने तरी उफराटा आहे. क्रियाकाल ओळखून पहिल्या अवस्थेत हस्तक्षेप करावा, हे सुश्रुताचार्यांनी आपल्याला शिकविले. शासनाच्या कोषाने मात्र भेदावस्थेपर्यंत थांबावयाचे ठरविलेले दिसते.

परंतु इतरांकडे बोट दाखविण्यापूर्वी आपले घर पाहणे अगत्याचे आहे. रुग्ण पुढे पाठविल्याबद्दल मिळणारे पाकीट, म्हणजेच ‘कट’, आपल्या व्यवसायात नाही, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? २०१७ मध्ये राज्य शासनाने या प्रथेविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करविला. त्याचा कायदा झाला नाही आणि तो व्हावा म्हणून आपण कोणीही आग्रह धरला नाही. औषधालयांचे चालक बंधूही यातून सुटत नाहीत. कंपनीच्या ‘स्कीम’वर कोणता आसव वा कोणती वटी पुढे करावयाची हे ठरू लागले, की खासगी प्रभाव आपल्या काउंटरवरही येऊन बसला असे समजावे. रुग्ण कोठे न्यावा, या प्रश्नाचे उत्तर देताना आपला हितसंबंध मध्ये येत असेल, तर महापालिकेच्या निविदांवर बोलण्याचा आपला अधिकार तितकाच उणा होतो.

मग करावयाचे काय? पहिली मागणी अशी की, प्रत्येक महापालिका रुग्णालयाच्या दर्शनी भागात मंजूर व रिक्त पदे, अतिदक्षता विभागातील रिकाम्या खाटा आणि उपलब्ध औषधांची यादी रोज लावावी. दुसरी, नव्या वास्तूचे उद्घाटन तिच्यातील कायम पदे भरल्यावाचून करू नये. तिसरी, खासगी भागीदारीचे प्रत्येक करारपत्र, त्यातील गरिबांसाठीच्या खाटांच्या संख्येसह, नागरिकांस पाहावयास मिळावे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात, ही उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू असलेली योजना किती सभासदांनी आपल्या दवाखान्यात लावली आहे, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. आयुर्वेद विभागांसाठी पूर्णवेळ वैद्य व नियमित औषधसाठा ही आपली मागणी रास्तच आहे. परंतु ती या मागण्यांच्या नंतर यावी, आधी नव्हे.

आणि एक गोष्ट आपल्या हातातली आहे. प्रत्येक सभासदाने पुढील तीन महिने एक साधी वही ठेवावी. रुग्णाचे नाव लिहू नये. पुढे पाठविलेल्या प्रत्येक रुग्णाची तारीख, वेळ, व्याधी, कोठे पाठविले, खाट मिळाली की नाही आणि डिपॉझिट किती मागितले, एवढेच लिहावे. ठाणे, कल्याण व डोंबिवली शाखांनी या नोंदी एकत्र करून दोन्ही महापालिकांच्या आयुक्तांपुढे व नगरसेवकांपुढे ठेवाव्यात. आपण ज्याला परीक्षण म्हणतो, ते यापेक्षा वेगळे नाही. रात्री दाराशी आलेल्या माणसाला ‘कुठे नेऊ?’ याचे खरे उत्तर देता यावे, एवढ्यासाठी एक वही घालणे काही फार मोठे नाही.