व्हीपीएन घेतले म्हणून पैसे वाचतील काय?

आमच्याकडे येणारी प्रकरणे गेल्या तीन-चार वर्षांत बदलली आहेत. पूर्वी माणसे जातपडताळणीची, गायरानाची, नोकरीतील अन्यायाची कागदपत्रे पिशवीतून काढून टेबलावर ठेवीत. ती आजही येतात. पण त्यांच्या जोडीला आता हातातला मोबाईलच पुढे धरणारी माणसे येऊ लागली आहेत. "जयभीम वकीलसाहेब, खात्यातले पैसे गेले," एवढेच त्यांचे म्हणणे असते. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातील लोकांचे २२ हजार ८४५ कोटींहून अधिक रुपये गेले. त्यात कोट्यधीशांचे किती आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांचे किती, हे त्या आकड्यावरून समजत नाही. आमच्या टेबलासमोर मात्र निवृत्तिवेतनवालेच बसलेले दिसतात.

त्यातीलच एका गृहस्थांची हकीकत सांगितली पाहिजे. हे जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले आरोग्यसेवक. एका शुक्रवारी त्यांच्या व्हॉट्सअॅपवर वाहतूक दंडाची पावती म्हणून एक फाईल आली. घरात स्कूटर आहे, पोरगा ती वाटेल तशी चालवतो, म्हणून त्यांनी ती उघडली. ती पावती नव्हती, एपीके होती, म्हणजे मोबाईलमध्ये बसणारा एक प्रोग्रॅम. त्याने संदेश वाचण्याची परवानगी मागितली, यांनी दिली. शनिवारी शिल्लक पाहिली तर अठ्ठेचाळीस हजार कमी. त्यांनी लगेच पुतण्याला बोलावले. पुतण्या संगणकाचा पदविकाधारक, हुशार मुलगा. त्याने काकांच्या मोबाईलवर वरच्या पट्टीत दिसणारे किल्लीचे चिन्ह दाखवले आणि म्हणाला, "काका, मी तुम्हाला व्हीपीएन टाकून दिलंय ना? ते चालू आहे. कुणी काही चोरू शकत नाही. बँकेच्या सर्व्हरचा घोळ असेल, सोमवारी शाखेत जाऊ." रविवारी रात्री आणखी बासष्ट हजार गेले.

पहिले अठ्ठेचाळीस हजार चोराने नेले. दुसरे बासष्ट हजार व्हीपीएनवरच्या आंधळ्या विश्वासाने नेले, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणूनच बँकेचे व्यवहार करताना व्हीपीएन वापरावे की नाही, या वरवर तांत्रिक दिसणाऱ्या प्रश्नावर आम्ही लिहीत आहोत.

व्हीपीएन म्हणजे काय? तुमच्या मोबाईलपासून त्या कंपनीच्या दूरवरच्या संगणकापर्यंत टाकलेली एक बंद नळी. तुमची माहिती त्या नळीतून जाते आणि तिथून पुढे बाहेरच्या जाळ्यावर पडते. नळीच्या वाटेवर बसलेल्याला आत काय चालले आहे ते दिसत नाही, आणि समोरच्या संकेतस्थळाला तुमच्या घरचा पत्ता न दिसता त्या कंपनीचा पत्ता दिसतो. पण बँकेचे संकेतस्थळ किंवा अॅप तुमच्याशी बोलते ते मुळातच कुलूपबंद भाषेत. टपालाचे उदाहरण घ्या. बँकेला पाठवायचे पत्र तुम्ही आधीच लाखेची मोहोर लावून पाकिटात घातले आहे. व्हीपीएन म्हणजे ते मोहोरबंद पाकीट पुन्हा एका थैलीत घालून खाजगी माणसाकरवी पुढच्या गावच्या टपालपेटीपर्यंत पोचवणे. वाटेत पाकीट फोडणाऱ्याचे काम पहिल्या मोहोरेनेच अवघड करून ठेवलेले असते.

मग हा सल्ला आला कुठून? तो अगदीच खोटा नव्हता. २०१० साली फायरशीप नावाचे एक साधन निघाले होते. उपाहारगृहातील उघड्या वायफायवर शेजारच्या टेबलावरील माणसाचे फेसबुक खाते त्याने सहज ताब्यात घेता येई, कारण तेव्हा अनेक संकेतस्थळे प्रवेशापुरते कुलूप लावीत आणि पुढे दार उघडे ठेवीत. त्या काळात व्हीपीएनचा उपदेश रास्त होता. पुढे संकेतस्थळांनी पूर्णवेळ कुलूप लावले, पण जाहिरातीतला उपदेश तसाच राहिला, कारण त्यावर धंदा उभा आहे.

रेल्वे स्थानकावरील किंवा लॉजवरील वायफायवर आजही धोका शून्य नाही. तिथे व्हीपीएनने थोडी भर पडते, वायफायवाल्याला तुम्ही कोणत्या बँकेचे गिऱ्हाईक आहात एवढेही समजत नाही. पण त्यासाठी त्याहून सोपा आणि फुकटचा उपाय तुमच्या खिशात आहे. वायफाय बंद करा आणि स्वतःच्या सिमकार्डचा डेटा वापरा. आणि मोबाईलने 'हे संकेतस्थळ सुरक्षित नाही' असा इशारा दिला, तर पुढे जाण्याचे बटण दाबू नका. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर आता पुस्तकांच्या स्टॉलवर क्यूआर कोड लागलेले असतात. तिथे पैसे देताना व्हीपीएन चालू आहे की नाही यापेक्षा, पैसे कुणाच्या नावावर जात आहेत ते पडद्यावर वाचणे महत्त्वाचे. कोडवर दुसराच कोड चिकटवलेला असला तर व्हीपीएन तुमचे पैसे अत्यंत सुरक्षितपणे चोराकडे पोचवील!

आरोग्यसेवकांच्या बाबतीत नेमके हेच झाले. चोर वाटेत बसलेला नव्हता, तो घरात शिरलेला होता. मोबाईलमध्येच बसून तो ओटीपी वाचत होता. नळी कितीही भक्कम असली तरी तिच्या तोंडाशीच चोर बसला असेल तर तिचा उपयोग काय? ओटीपी फोनवर सांगणे, केवायसी संपल्याच्या धमकीने लिंक उघडणे, शिष्यवृत्ती जमा करतो म्हणून खाते क्रमांक आणि पिन मागणे, 'डिजिटल अटक' म्हणून घाबरवणे, यांपैकी एकही प्रकार व्हीपीएन थांबवू शकत नाही.

उलट फुकटचे व्हीपीएन हेच संकट ठरू शकते. तुमची सारी वाहतूक ज्याच्या हातातून जाते तो कोण आहे, हे आपण विचारतच नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१६ मध्ये अँड्रॉइडवरील २८३ व्हीपीएन अॅप तपासली. त्यांतील ३८ टक्क्यांत घातक प्रोग्रॅमच्या खुणा आढळल्या आणि १८ टक्के तर माहिती कुलूपबंदच करीत नव्हती. फेसबुकने ओनावो नावाची कंपनी २०१३ मध्ये विकत घेतली. तिचे व्हीपीएन 'तुमचे रक्षण करते' म्हणून फुकट वाटले आणि लोक कोणती अॅप किती वापरतात ही माहिती स्वतःच्या धंद्यासाठी गोळा केली. त्या फसव्या जाहिरातीबद्दल ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २०२३ मध्ये दोन कोटी डॉलरचा दंड ठोठावला. मे २०२४ मध्ये अमेरिकेने ९११ एस५ नावाचे जे जाळे मोडले, ते मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशा फुकट अॅपमधूनच पसरले होते. एक कोटी नव्वद लाखांहून अधिक आयपी पत्ते त्याच्या कब्जात होते आणि गुन्हेगार ते भाड्याने घेऊन दुसऱ्यांच्या नावावर गुन्हे करीत होते. पोलीस अशा पत्त्यावरून माग काढीत निघाले तर प्रथम कुणाच्या दारात येतील, हे आमच्या वस्तीतील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पैसे देऊन घेतलेल्या व्हीपीएनची गोष्ट वेगळी, पण तिथेही एक कायद्याची बाजू आहे. भारतात व्हीपीएन वापरणे हा सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. (जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी तात्पुरती बंदी घातली होती, ती बाब निराळी.) मात्र २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब खाली आदेश काढला. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचा हेतू ही माहिती, ग्राहकाने सेवा सोडल्यानंतरही, किमान पाच वर्षे जपून ठेवावी असे त्यात म्हटले. एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी त्याच वर्षी आपले सर्व्हर भारतातून हलवले. म्हणजे एक तर तुमची नोंद राहणार, नाहीतर तुमची वाहतूक परदेशातून फिरून येणार. नागपुरात बसलेला खातेदार बँकेला एकाएकी परदेशातून आलेला दिसला तर बँकेची यंत्रणा त्याला संशयित समजून व्यवहार अडवते. ऐन दवाखान्याचे बिल भरताना असे अडकलेले लोक आम्हाला भेटले आहेत. कार्यकर्त्यांना खाजगीपणासाठी व्हीपीएन लागत असेल तर त्यांनी ते विचारपूर्वक जरूर वापरावे. २०१७ च्या पुट्टास्वामी निकालाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलेला आहे. पण तो प्रश्न बँकेतील पैशाचा नाही, आणि दोन प्रश्नांची गल्लत करू नये.

आता खरा मुद्दा. पैसे गेल्यावर नुकसान कुणी सोसायचे? 'तुम्ही व्हीपीएन घ्या, तुम्ही सावध राहा, तुम्ही ओटीपी जपा' या उपदेशामागे एक सोय दडलेली आहे. सारी जबाबदारी खातेदाराच्या गळ्यात पडते. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर ज्यांना ढकलत ढकलत मोबाईलवर आणले, त्यांनाच आता तुम्ही अडाणी म्हणून हिणवायचे! कायदा मात्र असे म्हणत नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने सूत्र घालून दिले. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर शून्य जबाबदारी. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याचीच असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही शून्य. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर. सहकारी बँकांसाठी असेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाले. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, हे तिथे ठेवी ठेवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

हे केवळ कागदावर नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये बँक ऑफ बडोदाला एका ग्राहक कंपनीचे ७६ लाख ९० हजार रुपये परत करण्याचा आदेश दिला, कारण ग्राहकाची चूक दिसत नव्हती. आसामातील एका ग्राहकाचे ९४ हजार रुपये स्टेट बँकेने द्यावेत हा गुवाहाटी उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कायम ठेवला. त्या ग्राहकाने चोवीस तासांच्या आत तक्रार केली होती. ओटीपी कुणालाही देऊ नका, अशी तंबीही न्यायालयाने सोबत दिली आहे, ती आम्ही लपवीत नाही.

तेव्हा पैसे गेल्याचे दिसताच मोबाईलचे जाळे तोडा आणि दुसऱ्या फोनवरून १९३० वर व बँकेच्या क्रमांकावर कळवा. तक्रार क्रमांक वेळेसह लिहून घ्या. शाखेत गेलात तर अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, तिथे फी लागत नाही. बँकांची संकेतस्थळे २०२५ पासून डॉट बँक डॉट इन या शेपटावर आणली आहेत, पत्ता वाचताना ते शेपूट पाहावे. अॅप अधिकृत दुकानातूनच घ्यावे. ही कामे कंटाळवाणी आहेत, त्यांची जाहिरात कुणी करीत नाही.

आरोग्यसेवकांच्या बँकेने लेखी कळवले आहे की ग्राहकाने स्वतःच फाईल उघडली, सबब बँक जबाबदार नाही. आम्ही उलट विचारले आहे की साठीच्या पुढच्या, महिन्याला चार-पाच हजारांचे व्यवहार करणाऱ्या माणसाच्या खात्यातून रात्री अकरा वाजता नव्या लाभार्थ्याला रकमा गेल्या, तेव्हा बँकेची संशय घेणारी यंत्रणा कुठे होती? अठ्ठेचाळीस हजारांवर आम्ही भांडू शकतो. बासष्ट हजारांच्या वेळी बँकेचे वकील पहिला प्रश्न हाच विचारतील की शनिवारी दुपारी समजले होते, तर शनिवारी का कळवले नाही. लोकपालाकडील अर्ज गेल्या आठवड्यात दाखल झाला. पुतण्या सोबत आला होता. तो टेबलाशी बसून शनिवारपासूनच्या वेळांची यादी स्वतःच्या हाताने लिहीत होता. त्याने अजून काकांच्या मोबाईलवरचे ते फुकटचे व्हीपीएन काढलेले नव्हते, ते आम्ही तिथेच काढायला लावले.