झोळी कुणासाठी फिरते ते बघा

गेल्या दशलक्षणात बसदीतलं भजन आटोपल्यावर आम्ही बायका पायऱ्यांवर टेकलो होतो. अमेरिकेचा काळा गायक पॉल रॉबसन स्पेनच्या युद्धावेळी सभांतून कसा गायला, ते मी वाचलेलं सांगत होते. तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "परक्या देशातल्या भांडणासाठी गाणी कसली म्हणायची? आपण अहिंसावाले. गप्प बसलं की पाप लागत नाही." चौघींनी माना डोलावल्या. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज देते.

१९३६ च्या जुलैत स्पेनमध्ये लष्करी सेनानींनी निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बंड केलं आणि यादवी पेटली. ब्रिटन-फ्रान्स म्हणाले, कुणीच मध्ये पडायचं नाही. जर्मनी-इटलीनं त्याला होकार दिला, आणि फ्रँकोच्या मदतीला विमानं पाठवली ती पाठवलीच. २६ एप्रिल १९३७ ला त्या विमानांनी बाजाराच्या दिवशी गेर्निका गाव जाळलं. मग गप्प बसलेल्यांचे हात स्वच्छ राहिले म्हणायचं का?

पुढच्याच महिन्यात बास्क मुलुखातली जवळजवळ चार हजार मुलं 'हाबाना' बोटीनं इंग्लंडला आली. त्यांच्या पोटापाण्याला पैसा द्यायला तिथलं सरकार तयार नव्हतं. तेव्हा लोकांनीच सभा भरवल्या, झोळी फिरवली. २४ जून १९३७ ला लंडनच्या अल्बर्ट हॉलमधल्या सभेत रॉबसन या मुलांसाठी गायला. पुढे ती मुलंही गावोगाव आपल्याकडची गाणी म्हणून स्वतःच्या खर्चाला हातभार लावू लागली. आईबापांपासून तुटलेली पोरं दुधासाठी गातात. काकू, यात पाप कुठलं?

आता दुसरी बाजू. ७ डिसेंबर १९३८ ला वेल्समधल्या माउंटन अॅश गावी मोठी सभा झाली. स्पेनमध्ये लढून मेलेल्या ३३ वेल्श माणसांच्या स्मरणाची. तिथंही रॉबसन गायला. मेलेल्यांसाठी गाणं मला समजतं. पण अशा सभांतल्या गाण्यांनी कुणाचं रक्त तापलंच नसेल, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडं पाप तीन वाटांनी येतं: करणं, करवणं आणि अनुमोदन. गाणं म्हणजे तर खड्या आवाजातलं अनुमोदन! म्हणून बंदुकीचं गुणगान माझ्या तोंडून निघणार नाही, मग बाजू कितीही न्यायाची असो. भाकरी आणि गोळी एकाच झोळीतून जाते, असं कुणी म्हणेल. म्हणून तर आधी विचारायचं, झोळी कुणासाठी?

पण न विचारताच दार लावून घेणं, ही अहिंसा नव्हे हो. तो आळस. स्पेनमध्ये जखमींची सेवा करून आलेले डॉ. अटल १९३८ मध्ये वैद्यकीय पथक घेऊन चीनला निघाले. त्यात आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस होते. १९४२ मध्ये ते तिकडंच वारले. परक्यांच्या लढाईत गेले म्हणून त्यांना आपण नावं ठेवतो का? अभिमानानं नाव घेतो.

क्षमावाणीला आपण सगळ्या जीवांची क्षमा मागतो. त्या 'सगळ्यां'त बेळगावच्या वेशीपलीकडची पोरं येत नसतील, तर काकू, आपण क्षमा मागतो तरी कुणाची?